मारियाच्या चादरींचं काय झालं?

'बायसिकल थीव्ह्ज' वर्गात दाखवला की त्यावर काय लिहून येणार, हे शिक्षकाला साधारण पाठ असतं. दुसऱ्या महायुद्धानंतरचं रोम, बेकारी, नववास्तववाद, व्हित्तोरिओ दे सिका, 1948, बाप-लेकाचं नातं आणि शेवटी 'हृदयस्पर्शी'. यंदा एका मुलीनं यातलं काहीच लिहिलं नाही. तिनं अख्खी दोन पानं एकाच प्रसंगाला दिली होती. मारिया घरच्या चादरी गहाण टाकते, तो प्रसंग.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. अंतोनिओला भिंतींवर पोस्टरं चिकटवायची नोकरी मिळते. अट एकच, सायकल स्वतःची हवी. सायकल तर आधीच गहाण पडलेली. तेव्हा त्याची बायको मारिया पलंगावरच्या चादरी ओढून काढते, गाठोडं बांधते आणि दोघं तारणवाल्याची खिडकी गाठतात. त्या पैशांतून सायकल सुटते. पण दे सिका एवढ्यावर थांबत नाही. तिथला कामगार ते गाठोडं घेऊन मागच्या मांडणीवर चढताना आपल्याला दिसतो. मांडणी पार छतापर्यंत गेलेली, आणि खणाखणांत तशीच गाठोडी. तो चढतच राहतो.

मुलगी कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातली. मृगाच्या आधी आईची बोरमाळ पतसंस्थेत जाते, हे तिनं लिहिलं होतं. माल विकला गेला की ती सुटते, भाव पडला तर नवं-जुनं करून घ्यायचं. पतसंस्थेत सोनं तोलून पाकिटात घालतात, पाकीट आत जातं आणि दुसऱ्या कुणाचं काय आत आहे ते दिसत नाही. चित्रपटात मात्र सगळ्या गावाचं तारण उघड्यावर रचलेलं दिसतं, म्हणून तिला तो माणूस वर चढताना बघवेना. पुढे तिनं एक प्रश्न विचारला होता. सायकल चोरीला गेल्यावर सगळे सायकल शोधतात. चादरींचं काय झालं? त्या सुटल्या का?

चित्रपट याचं उत्तर देत नाही. पण हा प्रश्न मनात ठेवून पुढचा भाग पाहिला की नुकसानाचा आकडा वाढतो. स्टेडियमबाहेर दुसऱ्याच्या सायकलीकडे बघत अंतोनिओ घुटमळतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर फक्त गेलेल्या सायकलीचं ओझं नाही. सायकल गेली, पगार जाणार आणि चादरीही त्या वरच्या खणातच राहणार. मुलीनं आणखी एक गोष्ट टिपली होती. चोरी झाली त्या रात्रीनंतर मारिया पडद्यावर येत नाही. रविवारचा सगळा शोध बाप-लेकाचा. ज्या बाईनं अंथरूण उसकटून सायकल सोडवली ती आणि तिच्या चादरी, दोन्ही गोष्टी चित्रपटातून निघून जातात. या चित्रपटावर जे काही मी वाचलं आहे त्यात हे मला कुठे भेटलेलं नव्हतं.

या सदरात मी वर्गातल्या गोष्टींबद्दल लिहिते. आज माझं म्हणणं सरळ आहे: वर्गात चित्रपट दाखवायचा असेल तर मुलांना आतून काय झालं, तिथून सुरुवात करा. इतिहास, चळवळी, दिग्दर्शकाचं चरित्र हे सगळं हवं, पण नंतर. आपल्याकडे क्रम उलटा आहे. दहावीपर्यंत कवितेचं रसग्रहण मुद्द्यांच्या चौकटीत बसवायला मुलं शिकलेली असतात. कवी कोण, विषय काय, आवडण्याचं कारण काय, संदेश काय. तीच चौकट घेऊन ती चित्रपटासमोर बसतात आणि पडद्यावर पहिलं माणूस दिसायच्या आत संदेश शोधायला लागतात. आता त्यात मोबाइलची भर पडली आहे. चित्रपटाचं नाव टाकलं की अर्ध्या मिनिटात प्रतिक्रिया तयार मिळते. ती शुद्ध असते, गुळगुळीत असते आणि तिच्यात एकही गाठोडं नसतं. बोरमाळ तिच्यात येऊच शकत नाही.

'वैयक्तिक प्रतिक्रिया म्हणजे आवडलं-नावडलं, तिचा अभ्यासाशी काय संबंध,' असं माझे काही सहकारी म्हणतात. त्यांची काळजी मला कळते. नुसतं 'मला रडू आलं' यावर थांबणारी वही अपुरीच. पण खरी प्रतिक्रिया सहसा तिथे थांबत नाही, ती कुठल्या तरी दृश्याला किंवा आवाजाला धरून असते. शिक्षकानं फक्त विचारायचं, रडू नेमकं कुठे आलं? तेव्हा पडद्यावर काय होतं? कानावर काय पडत होतं?

'पथेर पांचाली'च्या वेळी एका मुलानं लिहिलं की स्पीकर बिघडला असं त्याला वाटलं. मुलगी दुर्गा गेल्यानंतर बाप हरिहर परगावाहून येतो, सगळ्यांसाठी आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवतो. दुर्गासाठी आणलेली साडी सर्वजयाच्या हातात येते आणि तिचा बांध फुटतो. तिचं तोंड उघडतं, पण हंबरडा ऐकू येत नाही. हा मुलगा मागे वळून लॅपटॉपजवळ बसलेल्या मित्राकडे बघायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं की काहीतरी ऐकू येतंय, वाद्याचा चढा, कापत जाणारा सूर. सत्यजित राय यांनी तिथे आईचा आवाज काढून टाकून तारशहनाई ठेवली आहे. संगीत रविशंकरांचं. हे मी वर्गाला आधीच सांगितलं असतं तर सगळ्यांनी टिपून घेतलं असतं आणि परीक्षेत बरोबर लिहिलं असतं. मान वळवून मित्राकडे बघण्याचा तो क्षण मात्र कुणाच्याच वाट्याला आला नसता. स्पीकर बिघडला असं वाटणं, हे त्या ध्वनियोजनेचं मी ऐकलेलं सगळ्यात नेमकं वर्णन आहे.

त्याच चित्रपटाला दुसरा एक मुलगा कंटाळला. पावसाच्या आधी तळ्यावर पाणकिडे फिरतात, त्या दृश्यात. दुसऱ्यांदा दाखवलं तेव्हाही कंटाळला. त्यानं तसं लिहिलं, कुठे कंटाळलो तेही लिहिलं, आणि मला त्याची वही पटली. कंटाळ्याला वर्गात जागा नसेल तर कौतुकही खोटंच होणार.

पुण्यात चित्रपट शिकवण्याची जी परंपरा आहे तिला पडद्याजवळून सुरुवात करणं नवीन नाही. प्रभात स्टुडिओच्या आवारात उभ्या राहिलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर यांनी 'पथेर पांचाली'चा एकेक भाग सुटा करून शिकवला, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्यांनी ती पद्धत गावोगावच्या फिल्म सोसायट्यांत नेली. 1964मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, पी. के. नायर यांनी ते उभं केलं. इन्स्टिट्यूट आणि संग्रहालयाच्या रसास्वाद वर्गांना शिक्षक, डॉक्टर, बँकेतले कर्मचारी असे कितीतरी मराठी लोक जाऊन आले. चित्रपट शिकायला आधी चित्रपट पुन्हा पुन्हा पाहावा लागतो, ही त्या सगळ्याची बैठक. राय यांनीही 1950मध्ये लंडनला नोकरीनिमित्त असताना 'बायसिकल थीव्ह्ज' पाहिला आणि खऱ्या जागी, नवख्या माणसांना घेऊन चित्रपट करायचं मनाशी पक्कं केलं. तीही एका प्रेक्षकाची वैयक्तिक प्रतिक्रियाच.

हे सगळं म्हणताना एक जागा अशी आहे जिथे मी फार जपून पाऊल टाकते. 'फँड्री'.

चित्रपट 2014च्या फेब्रुवारीत लागला, तेव्हा आजची ही मुलं प्राथमिक शाळेत होती. बहुतेकांनी तो तुकड्यांत पाहिलेला असतो. वर्गात तो पूर्ण दाखवला. शाळकरी जब्याचं कुटुंब गावादेखत डुक्कर पकडतंय, बघ्यांना ती करमणूक झालीय. डुक्कर हाताशी येतं आणि शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्या जागीच थांबतो. मग घरचे सगळे थांबतात. डुक्कर निघून जातं. आमच्या वर्गात तेव्हा पुढच्या बाकावरचा एक मुलगा अर्धवट उठला, इकडेतिकडे बघून बसला. नियम असा आहे की चित्रपटाच्या कथेचा भाग म्हणून राष्ट्रगीत आलं तर प्रेक्षकांनी उभं राहणं अपेक्षित नाही. त्याला हा नियम माहीत नव्हता, आणि माहीत नव्हता हेच बरं. त्यानं लिहिलं की आपण विचार न करता उठलो. जब्याही तसाच थांबला असणार. आपल्याला उठताना काही गमवावं लागलं नाही, त्याला डुक्कर गमवावं लागलं. एकोणीस वर्षांच्या मुलाकडून मला याहून जास्त काही नको.

पण त्याच आठवड्यात एका मुलाच्या वहीतलं पान दुमडून आलं. आमच्या वर्गात एक ठरलेलं आहे. पान दुमडलेलं असेल तर ते मी वाचत नाही. लिहिलंय एवढंच बघते, सही करते. त्या पानावर काय होतं ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात कोण कुठल्या आळीतून येतं ते वर्गाला ठाऊक असतं. अशा वर्गात 'फँड्री' संपल्यावर एखाद्या मुलाकडे बोट करून 'तुला काय वाटलं, सांग' म्हणणं म्हणजे त्याला पुन्हा त्या मैदानात, बघ्यांच्या समोर उभं करणं. मी हे होताना पाहिलं आहे. शिक्षकाचा हेतू चांगला होता, संवेदनशील चर्चा घडवायची होती. ज्याला विचारलं तो पुढच्या तासाला आला नाही. प्रतिक्रिया मागण्याचा हक्क शिक्षकाला आहे, ती सगळ्यांसमोर मांडायला लावण्याचा नाही. ज्यांना बोलायचं असतं ती मुलं बोलतात, आणि फार चांगली बोलतात. न बोलणाऱ्याला उशीर करू द्यावा. कधीच न बोलण्याचीही मुभा असावी.

आता गुणांचं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर दोन क्रेडिटचे छोटे अभ्यासक्रम आले, त्यात चित्रपट आस्वादाला अनेक ठिकाणी जागा मिळाली. ही आनंदाची गोष्ट आहे. पण क्रेडिट आलं की अंतर्गत मूल्यमापन आलं, आणि वहीला गुण आले की मूल गुण देणाऱ्याला आवडेल ते लिहिणार. म्हणून मतांना गुण देऊ नयेत. मी फक्त निरीक्षणाला देते. कुठलं दृश्य, कॅमेरा कुठे होता, आवाज कुठला, आधी काय झालं आणि नंतर काय. चादरींवर लिहिणाऱ्या मुलीला गुण मिळाले ते मांडणीसाठी आणि मारिया दिसेनाशी होते हे पाहिल्यासाठी. बोरमाळीला मी गुण दिले नाहीत. तिला गुण देणं मला शोभलं नसतं.

आणि तासांचं. पन्नास मिनिटांच्या तासात दोन तासांहून मोठा 'पथेर पांचाली' बसत नाही. घंटा झाली की इंदिर ठाकरूण मरायची बाकी असते आणि दारात पुढच्या विषयाचा वर्ग उभा असतो. सलग तीन तास मिळावेत म्हणून मी विभागप्रमुखांकडे अर्ज केला, तेव्हा शनिवार दुपार मिळाली. एसटीनं येणारी मुलं त्यासाठी शेवटच्या गाडीपर्यंत थांबतात. विद्यापीठांनी अभ्यासक्रम आखताना सलग वेळ कागदावरच लिहून द्यावा. प्रोजेक्टर जुना असला तरी चालेल, खिडक्यांना काळा कपडा आम्ही लावून घेऊ.

'फँड्री'चे दिग्दर्शक नागराज मंजुळे नगरमध्ये संज्ञापनाचं शिक्षण घेत होते तेव्हा त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे 'फँड्री'ची वाटही महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या वर्गातूनच गेलेली आहे. माझ्या वर्गातून कुणी दिग्दर्शक व्हावं अशी माझी अट नाही. चादरींबद्दल विचारणारी मुलगी बँकेच्या परीक्षांची तयारी करतेय, आणि उद्या ती कर्ज विभागात बसली तर मला फार आनंद होईल.

या सत्रात दोन चित्रपट उरलेत. 1952च्या मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात 'बायसिकल थीव्ह्ज' दाखवला गेला होता आणि तो पाहून बिमल रॉय यांना 'दो बिघा जमीन' सुचला, म्हणून एक तो. दुसरा मुलांनी मागितलेला 'सैराट'. त्याला आमच्याकडे विरोध आहे. 'असले सिनेमे वर्गात कशाला, पोरांनी पाठ केलाय तो,' असं मला सांगण्यात आलं. पाठ केलाय हे खरं आहे. गाणी पाठ आहेत, संवाद पाठ आहेत. शेवटचा आवाज नसलेला भाग मात्र बरेच जण मोबाइलवर पुढे ढकलतात, असं मुलांनीच मला सांगितलं. वर्गात तो पुढे ढकलता येणार नाही. शनिवारी दुपारी दीड वाजता सुरू करणार आहोत, वह्या नेहमीसारख्या सोमवारी.