आधी शेतकरी, मग कारखाना

अन्नप्रक्रिया उद्योग वाढला पाहिजे, याबद्दल आपल्या देशात दुमत नाही. १९८८ साली केंद्र सरकारने त्यासाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापन केले. २००८ साली ‘मेगा फूड पार्क’ योजना आली. एकेका पार्कला ५० कोटी रुपयांपर्यंत अनुदान होते. आपल्या राज्यात सातारा व पैठण येथेही असे पार्क झाले. परंतु देशातील कित्येक पार्क वर्षानुवर्षे रेंगाळले आणि १ एप्रिल २०२१ पासून ही योजनाच बंद झाली.

असे का व्हावे? माझ्या मते क्रम चुकला. आधी जागा, रस्ते, शीतगृहे यांचा विचार झाला. माल कोण आणि कोणत्या भावाने देणार, हा प्रश्न मागे पडला. पार्क चालविणारी कंपनी एक, माल पिकविणारा दुसराच.

दुधाच्या बाबतीत नेमका उलटा क्रम होता. गुजरातमधील खेडा जिल्ह्याचे दूध मुंबईला येई, पण भाव ठरवी व्यापारी. १९४६ साली त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी स्वतःचा संघ काढला. गावात दोन्ही वेळा दूध मोजायचे, स्निग्धांश तपासून पैसे द्यायचे, ही घडी आधी बसली. मोठी दुग्धशाळा नंतर आली. हाच नमुना डॉ. वर्गीस कुरियन यांनी १९७० पासून ‘ऑपरेशन फ्लड’द्वारा देशभर नेला. १९५०-५१ मध्ये १.७ कोटी टन असलेले दुधाचे उत्पादन २०२३-२४ मध्ये सुमारे २४ कोटी टनांवर गेले.

कोणी म्हणेल, दूध रोज निघते, टोमॅटो हंगामी. दोहोंना एकच साचा कसा लागू पडेल? आक्षेप रास्त आहे. साचा वेगळा असू शकेल, पण मालकीचा प्रश्न तोच राहतो. २०२० साली ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ हे सूत्र धरून लहान उद्योगांसाठी योजना आली. बचत गटांना त्यात स्थान मिळाले, हे स्वागतार्हच. मात्र कर्ज मिळाले म्हणजे बाजारपेठ मिळाली, असे होत नाही.

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण कांदा-टोमॅटो पिकविणाऱ्या घरांतून येथे शिकावयास आले आहेत. उलाढाल आणि निर्यात यांचे आकडे प्रत्येक आराखड्यात असतात. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: ग्राहकाच्या रुपयातील किती पैसे पिकविणाऱ्याच्या हाती पडले? तो रकाना कोरा असेल, तर ही वाढ कोणाची, हे आपण विचारलेच पाहिजे.