माप कोण घेणार?

मंडळी, नाशकात कपड्यांच्या दुकानांना तोटा नाही. मेन रोडपासून कॉलेज रोडपर्यंत बघावे तिकडे दुकानेच दुकाने. आमच्याच जिल्ह्यात येवल्याला पैठणी विणली जाते, मालेगावच्या यंत्रमागांवर कापड निघते. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला अंगावर नीट बसणारा सुती शर्ट आणि कमरेवर राहणारी पँट विकत घ्यायची म्हटली, की पायांचे तुकडे पडतात!

उतारवयात पोट थोडे सुटते, खांदे पुढे झुकतात, मान बारीक होते. तयार शर्ट मात्र तरुणाची छाती डोळ्यांसमोर ठेवून बेतलेला. खांद्याला बसला तर पोटावरचे बटण लागत नाही. बटण लागेल असा घेतला तर खांदा दंडावर लोंबतो. पँट इतकी खाली बसते, की वाकले की शर्ट बाहेर. आणि कित्येक शर्टांना खिसाच नाही! चष्मा, पेन, गोळ्यांची पट्टी ठेवायची कुठे? विचारले तर दुकानातला मुलगा म्हणतो, "आजोबा, आता हीच फॅशन आहे."

त्या मुलाचा तरी काय दोष? आपल्याकडचे तयार कपडे बाहेरच्या देशांच्या मापांत थोडाफार फेरफार करून शिवले जात. भारतीयांची स्वतःची मापे असावीत म्हणून निफ्ट या संस्थेने 'इंडियासाइझ' नावाची पाहणी हाती घेतली. सहा शहरांतल्या २५,००० स्त्री-पुरुषांची मापे घ्यायची, असे ठरले. फार चांगले काम. पण वयोगट किती? १५ ते ६५! म्हणजे पासष्टीनंतर माणसाला अंग नसते की काय?

तयार कपड्यांवर माझा राग नाही. पूर्वी कित्येक घरांत दिवाळीला एक जोड मिळाला तरी पुष्कळ असे. आज गरिबाचे पोरही धड शर्ट घालून शाळेत येते, ते स्वस्त तयार कपड्यांमुळेच. मुले म्हणतात, "बाबा, फोनवरून मागवा, नाही आवडले तर परत करा." मागवता येते हो, पण आमच्या मापाचे कोणी शिवलेलेच नसेल, तर फोन कुठून आणणार?

हा प्रश्न नटण्यामुरडण्याचा नाही. बोटे आखडली की बारीक काजात बटण जात नाही. तंग बाहीत हात घालायला दुसऱ्याला हाक मारावी लागते. मग माणूस लग्नाकार्याला जायचेच टाळतो. स्वतःचा शर्ट स्वतः घालता येणे, ही म्हातारपणी फार मोठी गोष्ट आहे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. मापे घेणाऱ्यांनी पासष्टीच्या पुढेही टेप न्यावी. आणि तोवर आपण शिंपी जगवावा. चांगला शिंपी बसवूनही माप घेतो, "काका, बसल्यावर दाटत नाही ना?" असे विचारतो, आत चार बोटे कापड राखून ठेवतो. त्याच्याशी शिलाईसाठी घासाघीस करू नये. नातेवाइकांनीही पंच्याहत्तरीला खोक्यातला शर्ट देण्यापेक्षा कापड आणि शिलाईचे पैसे द्यावेत, आणि शिंप्याकडे सोबत जावे.

तुमच्या गावात असा शिंपी असेल तर मला जरूर कळवा. आणि तुमचे कपडे त्याच्याकडे टाकायला विसरू नका!