बोर्डावर ‘फॅमिली’, आत बाळाला जागा नाही

गेल्या वर्षीची गोष्ट. शेवटचा पेपर देऊन आम्ही सहा जण वडखळ नाक्याजवळच्या एका हॉटेलात जेवायला बसलो होतो. शेजारच्या टेबलवर एक जोडपं आणि त्यांचं वर्षभराचं बाळ होतं. बाळ रडायला लागलं आणि थांबेचना. आई उभी राहून त्याला थोपटत होती, बाबा एका हाताने जेवत होते. आमच्यातला एक जण म्हणाला, ‘एवढं लहान पोर घेऊन यायचंच कशाला? घरी बसायचं ना!’ त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आम्ही हसलो. दोन मिनिटांत त्यांनी उरलेलं जेवण पार्सल करायला सांगितलं आणि ते निघून गेले.

ते वाक्य म्हणणारा मीच होतो.

तुम्हीही कधीतरी असं म्हटलं असेल, किंवा निदान तसा चेहरा तरी केला असेल. म्हणून हे तुमच्याशी बोलतोय.

या मे महिन्यात ताई माहेरपण संपवून चिपळूणला निघाली. भावोजींना सुट्टी नव्हती, म्हणून सोबतीला मी. भाची चौदा महिन्यांची. मुंबई-गोवा महामार्गाची अवस्था तुम्हाला वेगळी सांगायला नको. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. या रस्त्यावर लहान मूल घेऊन निघालात की हॉटेलात थांबणं ही चैन नसते, गरज असते. आम्ही माणगावच्या पुढे एका मोठ्या हॉटेलात थांबलो. बाहेर ठळक पाटी : ‘एसी फॅमिली रेस्टॉरंट’.

आत गेल्यावर काय काय लागलं, ते क्रमाने सांगतो. बेबी चेअर मागितली. ‘होत्या दोन, तुटल्या,’ असं उत्तर मिळालं. भाचीला मांडीवर घेऊन ताई बसली, म्हणजे ताईचं जेवण बाजूला राहिलं. मेनू कार्डावर तिखट नसलेलं काही सापडेना. मऊ वरण-भात मिळेल का विचारलं, तर ‘दाल तडका आहे’. मग डायपर बदलायची वेळ आली. लेडीज वॉशरूममध्ये ओट्यासारखी एक फळीसुद्धा नव्हती. ताई म्हणाली, ‘तू बघ रे जेन्ट्समध्ये.’ तिथे तर असा विचारही कोणी केलेला नव्हता. शेवटी गाडीच्या मागच्या सीटवर टॉवेल अंथरून मी आयुष्यातला पहिला डायपर बदलला. तिला पाजायचं होतं तेही गाडीतच. भर दुपारी काचांना ओढण्या लावून, घामाघूम होत.

परत आत आलो तेव्हा भाची कंटाळून किंचाळायला लागली होती. पलीकडच्या टेबलवर माझ्याच वयाचा एक मुलगा बसला होता. त्याने मान वळवून जो कटाक्ष टाकला, तो मी लगेच ओळखला.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे ‘फॅमिली’ हा शब्द हॉटेलांच्या पाट्यांवर जुनाच आहे. इराण्याच्या हॉटेलात, हायवेच्या धाब्यांवर ‘फॅमिली रूम’ असायची. बायका-मुलांना पुरुषांच्या घोळक्यापासून वेगळं, निवांत बसता यावं यासाठी ती सोय. तिचा त्या काळी उपयोग होताच. पण त्या शब्दात लहान मुलाला काय लागतं याचा विचार नव्हता, आणि बऱ्याच ठिकाणी तो अजूनही नाही. पाटी तशीच राहिली, फक्त आत एसी आला.

हा फक्त शहरातल्या हौशी आईबाबांचा प्रश्न आहे असं वाटत असेल, तर एकदा रविवारी संध्याकाळी आमच्या डोलवीकडे या. इथला पोलादाचा कारखाना आधी इस्पातचा होता, 2010 नंतर तो जेएसडब्ल्यूकडे गेला. कामासाठी इथे देशभरातून माणसं आली आहेत. वडखळ किंवा पेणच्या हॉटेलांत रविवारी त्यांची कुटुंबं दिसतात. यातल्या कितीतरी घरांत बाळाला सांभाळायला आजी नाही, मावशी नाही. ती सगळी हजार-दीड हजार किलोमीटर लांब. ‘घरी ठेवून यायचं ना’ हे वाक्य इथे कोणाला सांगणार? अशा घरातल्या बाईसाठी रविवारचं ते जेवण म्हणजे आठवड्यातलं तिने स्वतः न रांधलेलं एकमेव जेवण असू शकतं. मागच्या वर्षी मी नेमकं असंच कोणाचं तरी जेवण पार्सल करायला लावलं नसेल, हे आज खात्रीने सांगता येत नाही.

याची दुसरी बाजूही मी नाकारत नाही. शांतपणे जेवायचा हक्क सगळ्यांना आहे. टेबलांमधून पळापळ करणारं मूल आणि हातात गरम चहाचा ट्रे घेतलेला वेटर यांची टक्कर झाली, तर भाजणार मूलच आणि नोकरी जाणार वेटरची. मूल अर्धा तास ओरडतंय आणि आईबाबा आपापल्या मोबाइलमध्ये, हेही आपण पाहिलंय. अशा वेळी चिडचिड होणं साहजिक आहे.

पण मग उपाय काय? दक्षिण कोरियात काही कॅफे-रेस्टॉरंटनी ‘नो किड्स झोन’ सुरू केले. जेजू बेटावरच्या एका रेस्टॉरंटने 13 वर्षांखालच्या मुलांना बंदी केली, तेव्हा 2017 मध्ये तिथल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने हा भेदभाव असल्याचं म्हटलं. काही मुलं त्रास देतात म्हणून सगळ्याच मुलांना दार बंद, हे मलाही पटत नाही. कॉलेजची काही पोरं हॉटेलात दंगा करतात, म्हणून उद्या ‘विद्यार्थ्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी लागली तर आपण गप्प बसू का? वाढदिवसाला केक फासून आपण जो राडा करतो, तो त्या बाळाच्या रडण्यापेक्षा कमी आवाजाचा असतो का?

मूल गप्प बसावं म्हणून दुसरा उपाय आपल्यासमोर रोज असतो. ताटासमोर मोबाइल उभा करायचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वर्षाखालच्या बाळांना स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असं सांगितलंय. म्हणजे मोबाइल दिला तर ‘काय हे आईबाप’, आणि नाही दिला, मूल रडलं, तरी ‘काय हे आईबाप’. त्यांनी करायचं तरी काय?

आपण रायगडकर. हिरकणीची गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेलेली आई. तिच्या नावाने आज एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतात, आईला निवांत बसून बाळाला पाजता यावं म्हणून. सार्वजनिक ठिकाणी अशी सोय असावी, हे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं. मग एसटी स्टँडवर जी कल्पना पोचली, ती थाळीचे चारशे रुपये घेणाऱ्या हॉटेलला अवघड का वाटावी?

यासाठी लाखोंचा प्ले एरिया नकोय. एका कोपऱ्यात पडदा आणि खुर्ची. दोन न तुटलेल्या बेबी चेअर. डायपर बदलायला भिंतीला एक मजबूत फळी, आणि ती शक्यतो अशा जागी की बाबा आणि मामालाही वापरता येईल. मेनूत एक ओळ : मऊ वरण-भात किंवा मुगाची खिचडी, बिनतिखटाची. ती ऑर्डर आधी आणून दिली तर निम्मं रडणं तिथेच थांबेल, कारण लहान मुलं बऱ्याचदा भुकेनेच रडतात. आईबाबांनीही आपल्या बाजूने पाहावं. मूल फारच अस्वस्थ झालं तर एकाने त्याला बाहेर एक फेरी मारून आणावं. आम्ही शेवटी तेच केलं. मी भाचीला ट्रक दाखवत बाहेर उभा राहिलो, ताई जेवली.

आणि आपण? आपण हॉटेलातून निघायच्या आत रिव्ह्यू टाकणारी पिढी. पनीर कसं होतं, लाइटिंग कसं होतं, फोटो कुठे चांगले येतात, सगळं लिहितो. त्यात एक ओळ अजून घाला : बेबी चेअर आहे की नाही. हॉटेलवाले आईबाबांचं ऐकतील न ऐकतील, स्टार कमी झाले की नक्की ऐकतात.

पुढच्या वेळी शेजारच्या टेबलवर बाळ रडलं तर लगेच मान वळवू नका. जमलं तर त्याला जरा हसवा, चमचा वाजवून दाखवा, नाहीतर आपल्या गप्पा चालू ठेवा. त्या आईला तेवढंही पुरतं. वडखळच्या त्या ताईची माफी मागायला आता मला ती सापडणार नाही. तुम्हाला मात्र येत्या रविवारी तिच्यासारखी कोणीतरी नक्की भेटेल.