आडनाव वाचणारे मन

खाजगी नोकरभरतीत जात कोठे आली, असे आम्हाला वारंवार विचारले जाते. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असे उद्योगपती छातीठोकपणे सांगतात. त्यांतील अनेकजण हे प्रामाणिकपणेही सांगत असतील. नेमकी अडचण तीच आहे!

माणूस दोन प्रकारे निर्णय घेतो. एक झटपट, नकळत, सवयीने. दुसरा सावकाश, कारणे तपासून. अर्थशास्त्राचे २००२ चे नोबेल मिळवणारे डॅनियल काहनेमन यांनी २०११ च्या पुस्तकात हे विस्ताराने मांडले. झटपट मन आधी कौल देते आणि सावध मन बहुधा त्या कौलाला कारणे जोडून मोकळे होते. (निकाल आधी, कारणमीमांसा नंतर, हा प्रकार वकिलांना नवा नाही.) जात ही मनात घर करून बसलेली कल्पना आहे, हे तर बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावले होते.

पुरावा हवा? प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा २००७ चा अभ्यास पाहा. इंग्रजी दैनिकांतील ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले गेले. पात्रता सारखी, फरक नावाचा. मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला तर एक-तृतीयांशच! अर्ज चाळणाऱ्याने उमेदवार पाहिलाच नव्हता. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २५ कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांना गाठले. गुणवत्तेचे गोडवे गाणाऱ्या या मंडळींना उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ मात्र महत्त्वाची वाटत होती. सावध मनाने जातीला दिलेले हे सभ्य नाव!

आता कायदा. कलम १६ शासकीय नोकरीपुरते आहे. २०२१ मध्ये नितीशा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अप्रत्यक्ष भेदभाव मान्य केला. हेतू नव्हे, परिणाम पाहावा, असे म्हटले. पण तो खटला सैन्यातील महिला अधिकाऱ्यांचा, म्हणजे शासनाविरुद्धचा होता. आपल्या पदवीधराने खाजगी मालकाविरुद्ध कोणत्या कलमाखाली दाद मागावी?

अर्जावरील नाव झाकावे, निकष आधी लेखी ठरवावेत, कोणत्या समाजाचे किती अर्ज आले आणि किती निवडले, हे कंपन्यांनी जाहीर करावे. दोन तासांच्या संवेदनशीलता शिबिराने हे साधणार नाही. नाव झाकले तरी मुलाखतीत ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न येणारच. म्हणूनच खाजगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी आम्ही सोडलेली नाही.