खोली आहे, नाव काय म्हणालात?

एप्रिल उजाडला की तारकर्ली-देवबागला स्वस्तात कुठे राहायचं याचे सल्ले सुरू होतात. समुद्र किती पावलांवर आहे ते विचारा. शनिवार-रविवारचा दर आणि मधल्या वारांचा दर वेगळा असतो, तो आधीच ठरवून घ्या. एसी नको असेल तर तसं सांगा, खोली स्वस्त पडते. दर जेवण धरून आहे की जेवणाचे पैसे वेगळे, सुरमईच्या थाळीचे किती आणि बांगड्याच्या थाळीचे किती, हे फोनवरच स्पष्ट करा. आगाऊ रक्कम परत मिळते का, तेही विचारा. सल्ले चांगले आहेत, मीही देते. पण हे सगळे प्रश्न पाहुण्याने विचारायचे असतात. घरमालकाचा एक प्रश्न असतो, तो या यादीत कुणीच लिहीत नाही. "नाव काय म्हणालात?"

ज्यांच्या नावावर कुणी कधी अडलेलं नाही, त्यांना या प्रश्नात काही वावगं वाटणार नाही. नाव विचारणारच की. ज्यांना या प्रश्नानंतरची शांतता माहीत आहे, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: पैसे घेऊन लोकांना रात्रीची खोली देण्याचा धंदा जो करतो, त्याला प्रवाशाचं नाव ऐकून ती खोली नाकारता येत नाही. हे राज्यघटनेने ठरवून दिलेलं आहे. आणि आपल्या जिल्ह्यात हे नाकारणं चालू असताना आपण सगळेच, त्यात मुसलमानही आले, ते 'असायचंच' म्हणून सोडून देतो.

मी किनाऱ्यावर राहते म्हणून मिरज, परभणी, सोलापूरकडचे नातेवाईक खोली बघायला मला सांगतात. फोनवर माझी मालवणी ऐकून समोरचा खुलतो. "रूम आसा, येवा." दर ठरतो, माणसं किती ते ठरतं, कोंबडी-वडे करायचे की मासे हेही ठरतं. मग नाव. नाव सांगितलं की मालकांना विचारून फोन करतो म्हणतात. तो फोन येत नाही. पुन्हा केला तर कळतं की रूम आत्ताच फुल झाली. कुणी शिवी देत नाही, कुणी आवाज चढवत नाही. सगळं अगदी गोड असतं. सगळीच घरं अशी नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. नाव ऐकून "कधी येतास?" एवढंच विचारणारी आणि आल्यावर सोलकढीचा दुसरा पेला न मागता पुढे करणारी घरं याच वाड्यांत आहेत. त्यांच्या शेजारी राहून जे उरलेले नाकारतात, त्यांच्याकडे 'इथली पद्धतच अशी' ही सबब उरत नाही.

आता यात पैशाचा भाग बघा. मोठ्या रिसॉर्टमध्ये हे सहसा घडत नाही. तिथे संगणकावर बुकिंग होतं, पैसे आधी भरले जातात, नाव नंतर कुणीतरी वाचतं. म्हणजे ज्याच्याकडे रात्रीचे सात-आठ हजार आहेत, तो अपमानातून पैसे देऊन सुटतो. बारा-पंधराशेची खोली शोधणारा शिक्षक, रिक्षावाला, शिलाईकाम करणारी बाई मुलांना समुद्र दाखवायला निघते, तिला प्रत्येक दारात नाव सांगावं लागतं. इतरांसाठी 'स्वस्त खोली कशी निवडावी' हा हिशेबाचा प्रश्न असतो. आमच्यासाठी निवड घरमालक करतो आणि आम्ही उरलेल्यातून घेतो, बहुतेक वेळा महाग पडेल ते.

यावर जी उत्तरं मिळतात ती एकेक घेऊ.

पहिलं उत्तर: घर माझं, मर्जी माझी. घरात कुणाला जेवायला बोलवायचं ही तुमची मर्जीच आहे, त्यात मी पडणार नाही. पण रस्त्यावर पाटी लावली, दर ठरवला, पावती फाडली, की त्या खोल्यांपुरता तो धंदा झाला. राज्याच्या 'निवास व न्याहारी' योजनेत नाव घालताना आपण सरकारकडे व्यवसाय म्हणूनच जातो. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्यानंतर कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, रस्ते झाले. हे सगळ्यांच्या करातून झालं. त्या रस्त्याने येणारं गिऱ्हाईक हवं आणि त्यातलं नावडतं नाव तेवढं गाळायचं, हा हिशेब जुळत नाही.

राज्यघटनेचं कलम १५ बहुतेकांना सरकारने भेदभाव करू नये एवढंच सांगणारं वाटतं. त्याचा दुसरा भाग पुढे जातो. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा इथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्यावरून कोणत्याही नागरिकाला अडवता येणार नाही, असं तो सांगतो. ही बंदी खाजगी मालकालाही लागू आहे. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी यावर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' म्हणजे नेमकं काय असा प्रश्न निघाला. डॉ. आंबेडकरांनी त्याचा अर्थ मुद्दाम मोठा ठेवला: जो कुणी लोकांना आपली सेवा देऊ करतो, तो यात आला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एका निकालात या खुलाशाचा आधार घेतला. पाच खोल्यांचा होमस्टे त्या व्याख्येबाहेर कसा राहील, हे मला कुणी समजावून सांगावं.

इथे एक प्रामाणिक हरकत आहे. अमेरिकेने १९६४ मध्ये हॉटेलांतला वर्णभेद कायद्याने बंद केला, तेव्हा मालक स्वतः राहतो अशा, पाचपर्यंत खोल्या भाड्याने देणाऱ्या घराला सूट ठेवली. घरपण जपावं, हा त्यामागचा विचार. पण आपल्या घटनाकारांनी अशी सूट लिहिली नाही. शिवाय आपल्याकडचे बहुतेक होमस्टे डोळ्यांसमोर आणा. माडांच्या बागेत मूळ घरापासून वेगळ्या बांधलेल्या खोल्या, प्रत्येकीला वेगळं न्हाणीघर, वेगळं दार. पाहुणा तुमच्या देवघरात येत नाही, तुमच्या चुलीशी बसत नाही. घरपणाचा आडोसा घ्यायचा तर आधी ते घर तरी असावं.

दुसरं उत्तर: आमची हरकत नाही हो, पण बाकीच्या गिऱ्हाइकांना आवडत नाही. हे उत्तर जुनं आहे. वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन १९४३ मध्ये लॉर्ड्सवर खेळायला सहकुटुंब लंडनला आले. तिथल्या इम्पिरियल हॉटेलात त्यांनी आधी खोल्या ठरवल्या होत्या. ऐन वेळी त्यांना दुसरीकडे जायला सांगितलं, कारण उतरलेल्या गोऱ्या अमेरिकन लष्करी पाहुण्यांना ते चालणार नव्हतं. कॉन्स्टंटाइन कोर्टात गेले आणि १९४४ मध्ये जिंकले. तेव्हा इंग्लंडमध्ये वर्णभेदाविरुद्ध कायदा नव्हता. निकाल लागला तो त्याहून कितीतरी जुन्या तत्त्वावर: सराई चालवणाऱ्याने जागा असताना आलेल्या प्रवाशाला योग्य कारणाशिवाय परत पाठवायचं नसतं. नुकसानभरपाई मिळाली फक्त पाच गिनी. पण 'इतरांना आवडत नाही' हे कारण कोर्टाने कारण मानलं नाही.

तिसरं उत्तर: पोलिसांची भानगड नको. पोलिसांसाठी नोंदवही असते, ओळखपत्राची प्रत घेतली जाते, परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत कळवावी लागते. हे सगळं जरूर करा, माझ्याकडूनही आधार कार्ड घ्या. ओळख पटवण्याची सोय सगळ्यांसाठी सारखी असताना एका समाजाला आधीच संशयित धरणं, याला खबरदारी म्हणत नाहीत.

आता आपल्या लोकांकडे वळते. हे लिहिणं जास्त अवघड आहे.

आपल्यात यावर एक उपाय चालतो. "आपा, सलीम कशाला, समीर बोल दो ना." किंवा एखाद्या हिंदू मित्राच्या नावावर खोली घ्यायची. मी हे करत नाही, आणि करू नका असं सांगते. कारण ही वाट आपल्याआधी कुणीतरी चालून पाहिली आहे. १९१७ मध्ये परदेशातलं शिक्षण करून आलेले भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव घेऊन राहिले. रोजचं भाडं दीड रुपया. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचा दम दिला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. एक म्हणाला, घरातले नोकर निघून जातील. दुसऱ्याने बायको येईपर्यंत थांबायला सांगितलं. शेवटी एका बागेत तास काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. उसन्या नावाने छप्पर मिळतं ते नाव उघडं पडेपर्यंत. आणि आईबाप रिसेप्शनवर खोटं नाव सांगतात, हे शेजारी उभं राहून ऐकणारं मूल काय शिकतं, ते वर्गात मला दिसतं. हजेरीत आपलं पूर्ण नाव मोठ्याने घ्यायला ते कचरतं.

आंबेडकरांनी तिथेच आणखी एक प्रसंग लिहिला आहे, तो आपण वाचत नाही. १९३४ मध्ये ते सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला बघायला गेले. रमजानचा महिना होता. दाराजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले, तर एक म्हातारा मुसलमान हौद बाटवला म्हणून ओरडत आला, आणि बघता बघता आपल्या लोकांचा जमाव गोळा झाला. पाण्याला हात लावणार नाहीत अशी पाळत ठेवून त्यांना किल्ल्यात सोडलं. जकात कुणाला द्यावी याच्या कुरआनातल्या यादीत मुसाफिर आहे. ही शिकवण असलेल्या समाजाने तहानलेल्या प्रवाशांशी असं वागून दाखवलं. तेव्हा किनाऱ्यावर आपल्यापैकी जे कुणी खोल्या देतात, त्यांनी जात विचारली, आडनावावरून गाळलं, तर माझा वाद त्यांच्याशीही हाच आहे.

'मग आपली वेगळी यादी करू, मुसलमानांना चालणाऱ्या घरांची,' असंही काही जण सुचवतात. अमेरिकेत काळ्या प्रवाशांसाठी अशी एक पुस्तिका १९३६ पासून तीस वर्षं निघत होती, ग्रीन बुक नावाची. त्या माणसांना तिचा फार उपयोग झाला. पण यादी लागते तेव्हा बाकीची दारं बंद आहेत हे आपण कबूल केलेलं असतं. मला यादी नको, दारं हवीत.

ती उघडतात कशी, याचंही उत्तर आहे. एअरबीएनबीवरच्या अमेरिकेतल्या सुमारे ६,४०० घरांना हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये सारखीच विनंती पाठवली, बदलली फक्त नावं. काळ्या माणसाचं वाटणारं नाव असलेल्या पाहुण्याला होकार मिळण्याचं प्रमाण १६ टक्क्यांनी कमी निघालं. त्यावर बोभाटा झाला, आणि २०१८ मध्ये कंपनीने बुकिंग पक्कं होईपर्यंत पाहुण्याचा फोटो मालकाला न दाखवण्याचा निर्णय घेतला. मनं बदलण्याची वाट न बघता व्यवहाराचा क्रम बदलता येतो.

आपल्याकडेही येईल. निवास-न्याहारीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर कलम १५(२) ची अट मराठीत छापावी आणि तक्रारीचा नंबर दर्शनी भागात लावायला लावावा. तारीख, माणसं, दर आणि आगाऊ रक्कम आधी. नाव आणि ओळखपत्र नोंदवहीत, आल्यावर. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी तसा ठराव करावा. दंडाची तरतूदही हवी. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे शब्द नावानिशी घेतो आणि तिथे अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा सांगतो. धर्मावरून खोली नाकारणाऱ्यासाठी तशी हाताशी शिक्षा नाही, म्हणून ही घटनेतली बंदी कागदावर राहते.

आणि यातलं काही होईपर्यंत, ज्यांना नावावरून कुणी अडवत नाही अशा वाचकांकडे एक मागणं आहे. खोली ठरवताना जेवण, दर, समुद्राचं अंतर विचारताच. पुढे एवढंच विचारा: "तुम्ही सगळ्यांना खोली देता ना?" उत्तर अडखळलं तर दुसरं घर बघा, आणि का बघताय ते सांगा. माझ्या फोनने मालकाचं काही जात नाही, तुमच्या फोनने हंगाम जातो.

मालवणच्या जेटीवर उभं राहिलं की समोर १६६४ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला दिसतो. ज्या आरमारासाठी तो उभा राहिला, त्याच्या सरदारांत दौलतखान होता. त्या किल्ल्याचा फोटो पाटीवर छापून जे धंदा करतात, त्यांनी दौलतखान नावाच्या माणसाला खोली द्यायची की नाही, हे एकदा ठरवावं.