स्पीकर कोणाच्या कानाने निवडायचे?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय जरा वेगळा आहे. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या, आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाईने स्पीकरवर लिहावं हे वाचून आमच्या वन्सं हसतील. हसू देत. गेले तीन महिने आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता, आणि त्यात माझं एक मत पक्कं झालं आहे. घरासाठी चांगले, महागाचे स्पीकर घ्यायचे असतील, तर घरात ज्याला सगळ्यांत कमी ऐकू येतं त्याच्या कानाने ते निवडावेत.

सगळीकडे नेमकं उलटं चालतं. ज्याचे पैसे त्याचा कान, नाहीतर ज्याला त्यातलं 'कळतं' त्याचा कान. म्हाताऱ्या माणसाला कोणी विचारत नाही. आमच्याच एका नातेवाइकांनी (नाव घेत नाही, वाचतील) ऐकल्याबरोबर म्हटलं, "आता या वयात एवढे महाग स्पीकर कशाला? त्यांना ऐकू तर येत नाही." हे वाक्य मला फार लागलं. डोळे अधू झालेल्या माणसाला आपण चांगला चष्मा घेतो, चांगला दिवा लावून देतो. कान अधू झालेल्याला मात्र म्हणतो, आता तुम्हाला काय करायचंय!

आमच्या ह्यांचं तुम्हा घरच्यांना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. भोसरीतल्या एका कारखान्यात प्रेस शॉपला तीस वर्षं काढली. पत्र्यावर डाय आपटायचा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. ९५ झाले की चारच तास आणि १०० झाले की दोनच तास. कागदावर आहे. १९४८च्या कारखाने कायद्याला रोगांची जी यादी जोडलेली होती तिच्यात गोंगाटाने येणारा बहिरेपणाही होता. पण त्या काळात कानात कापसाचे बोळे घालणे हीच सुरक्षा होती, आणि कापसाने फारसं काही अडत नाही. पिंपरी, भोसरी, चाकणच्या या पट्ट्यात माझ्या वयाच्या कितीतरी बायकांच्या घरात असा एकेक माणूस आहे. दारावरची बेल ऐकू येते, पण बेल वाजवणारा काय म्हणाला ते कळत नाही.

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. गोंगाटाने जाणारा कान सगळा एकदम जात नाही. आधी सेकंदाला तीन ते सहा हजार कंपनांचा पट्टा जातो, बहुधा चार हजारांच्या आसपास. ह्यांच्या तपासणीच्या कागदावर तिथे विहिरीसारखा खड्डा आहे. पुढे वयाने त्याच्या वरचंही जातं. आपल्या बोलण्यातले स्वर असतात खालच्या पट्टीत, आणि स, श, त, क, फ अशी व्यंजनं ओळखायला लागणारा बारीक आवाज असतो वर. म्हणजे स्वर शाबूत आणि व्यंजनं गळालेली. 'साठ', 'पाठ', 'काठ', 'ताट' सगळं एकच. मग माणूस अंदाजाने हो म्हणायला लागतो, आणि अंदाज चुकला की लोक हसतात. पुढे पुढे तो बोलायलाच येईनासा होतो.

आवाज वाढवला की काम होईल असं सर्वांना वाटतं. ते होत नाही. अशा कानाचं आणखी एक विचित्र असतं. हळू बोललेलं ऐकू येत नाही, आणि थोडं मोठ्याने बोललं तर एकदम अंगावर येतं. "ओरडतेस कशाला?" हे मी गेली दहा वर्षं ऐकते आहे. हा चिडकेपणा नसून कानाचाच गुण आहे, हे मला तपासणी करणाऱ्या ताईंनी समजावलं तेव्हा खरं सांगते, घरातली निम्मी भांडणं मिटली.

आता स्पीकरकडे येते. चिरंजीव चाकणला नोकरीला आहेत. त्यांनी बोनसमधून आम्हाला काहीतरी चांगलं घेऊन द्यायचं ठरवलं. हल्लीचे टीव्ही पापडासारखे पातळ, त्यांचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले, त्यामुळे आवाज भिंतीवर आपटून येतो. बातम्यांतला शब्द लागत नाही ही ह्यांची तक्रार खरीच होती. चिरंजीवांच्या मनात होतं टीव्हीखाली एक लांबट पट्टी आणि कोपऱ्यात धमधम करणारा वूफर. त्याच्या मित्राचं म्हणणं, घ्यायचेच तर छातीइतके उंच, जमिनीवर उभे राहणारे घ्या. दोघांच्याही बोलण्यात 'बेस' हा शब्द इतक्या वेळा आला की मला तो गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीतच ऐकू येतो आहे असं वाटलं.

मी विरोध केला. तो हौसेला नव्हता. त्याला कारण आहे. खालचे जाड आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतात, हा सगळ्याच कानांचा धर्म आहे, आणि अधू कानात तो जास्त जाणवतो. ज्याला आधीच 'स' आणि 'त' मोजून मापून मिळतात, त्याच्यापुढे धमधम वाढवली तर तेही जाणार. शिवाय आमचा हॉल दहा बाय बारा. आवाजाची लाट लांब असते. सेकंदाला पन्नास कंपनांची लाट जवळजवळ सात मीटरची, आणि एवढ्याशा खोलीत नेमक्या पन्नासच्या आसपासच्या आवाजांना समोरासमोरच्या भिंतींत घुमायला जागा सापडते. कोपऱ्यात ठेवलं की आणखी फुगतं. म्हणजे लाखभर रुपये देऊन आपण खोलीचा घुमट करायचा!

आणि आपल्या गाण्याला तळ लागतो तरी किती? पुरुषी आवाजाचा काळी एकचा तंबोरा घ्या. त्याची खर्जाची तार सेकंदाला सत्तरच्या आसपास कंपनं करते. तिच्यावरचं जवारीचं जे झुळझुळणं असतं ते सगळं वरचं. सत्तरच्या खाली इमारती हादरवणारं जे काही स्पीकरवाले विकतात, त्याचं भीमसेनजींच्या संतवाणीत काय काम?

तरुण वाचकांना गंमत वाटेल, पण जुन्या लाकडी पेटीच्या रेडिओत हे आपोआप साधलं होतं. एकच स्पीकर, फार खालचं नाही, फार वरचं नाही, मधला माणसाच्या आवाजाचा पट्टा तेवढा ठसठशीत. १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. पुढे वर्षभर दर आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी. घरोघरी लोकांनी ती शब्दन् शब्द कळून ऐकली आणि पाठ केली. गदिमांचे शब्द कळले नसते तर नुसती चाल घेऊन कोण बसलं असतं? तेव्हा हायफाय नव्हतं. पण म्हणून मी जुनं ते सोनं म्हणत नाही हं. आजचे चांगले स्पीकर त्या पेट्यांपेक्षा कितीतरी स्वच्छ आहेत. कोलकात्याच्या सोनोडाइनचं नाव जुन्या लोकांना माहीत असेलच, आणि आपल्या पुण्यात केडन्स नावाच्या कंपनीने तर ताणलेल्या पातळ पडद्यातून आवाज काढणारे, जगभर वाखाणले गेलेले स्पीकर बनवले. चांगल्या वस्तूला पैसे पडतात आणि पडावेत. फक्त ते कशासाठी मोजतो आहोत ते माहीत हवं.

तर निवड कशी केली? शिक्षिकेचं डोकं, दुसरं काय! श्रुतलेखन. मी फोनवर वीस-वीस शब्दांच्या चार याद्या माझ्याच आवाजात रेकॉर्ड केल्या. पाट, साठ, काठ, शाल, साल, चाल, असे मुद्दाम एकमेकांना चिकटणारे. दुकानात ह्यांना खुर्चीवर बसवलं, हातात वही दिली आणि एकेका जोडीवर एकेक यादी लावली. विक्रेत्या मुलाने आधी तोंडावर हात ठेवला, मग तोच मोजायला बसला. छातीइतक्या उंच जोडीवर वीसपैकी अकरा बरोबर आले. वीतभर रुंदीच्या, फळीवर ठेवायच्या एका जोडीवर सोळा. किंमत निम्म्याहून कमी. चिरंजीवांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. दोन्हींचा आवाज सारख्याच मोठेपणाचा हवा. जो स्पीकर किंचित मोठा वाजतो तोच कोणालाही चांगला वाटतो, आणि हे दुकानदारांना आपल्यापेक्षा आधी माहीत असतं. मोबाईलवर आवाज मोजायची सोय असते. ती अचूक नसेना का, दोन गोष्टी एका पातळीवर आणायला पुरते. दुसरं असं की दुकानातल्या गालिचा, पडदे आणि बंद खिडक्यांच्या खोलीत जे ऐकू येतं ते घरी येत नाही. म्हणून घरी आणून आठवडाभर लावून बघायची आणि नाही पटलं तर परत द्यायची बोली आधी करावी. एका दुकानाने ती नाकारली, आम्ही दुसऱ्याकडे गेलो.

आणि घर तरी कुठलं, कासारवाडीचं! एका बाजूला जुना मुंबई-पुणे रस्ता, एका बाजूला रेल्वे, आणि मार्च २०२२पासून वरून मेट्रो. सकाळच्या प्रादेशिक बातम्या संपतात न संपतात तोच पुण्याहून सव्वासातला निघालेली डेक्कन क्वीन धडधडत जाते. इथे शांततेची अपेक्षा करून स्पीकर लावायचेच नाहीत. रस्त्याकडच्या खिडकीच्या फटींना रबराची पट्टी लावली आणि जाड पडदा शिवून घेतला. पट्टीला आणि पडद्याला मिळून जो खर्च आला त्याने जेवढा फरक पडला तेवढा जाड वायरीने पडला नसता. हो, वायर. सोन्याच्या भावाची वायर घ्या म्हणून आग्रह झाला होता. तीन-चार मीटरसाठी घरातल्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. तो पैसा वाचवा आणि जमिनीवर सतरंजी घाला.

पत्र्याच्या छपराखाली साठ मुलांचा वर्ग मी वर्षानुवर्षं शिकवला आहे. मोकळ्या भिंतींचा वर्ग घुमतो, आणि मागच्या बाकावरच्या मुलाला बाईंचा एक शब्द दोनदा ऐकू येतो, म्हणजे एकदाही नीट येत नाही. त्यावर उपाय ओरडणे हा नव्हे. मी फळा सोडून त्या मुलाजवळ जाऊन उभी राहायची. घरीही तेच केलं. स्पीकर टीव्हीच्या भिंतीला चिकटवले नाहीत, तर स्टँडवर पुढे ओढून ह्यांच्या खुर्चीपासून पाच फुटांवर आणले. दोघांमधलं अंतरही तेवढंच, तोंडं किंचित आत वळवलेली आणि वरचा छोटा ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. जवळून येणारा सरळ आवाज भिंतीवरून येणाऱ्याला मागे टाकतो. इतक्या जवळ बसल्यावर एका वॅटलासुद्धा ८० डेसिबलच्या वर आवाज मिळतो, त्यामुळे शेकडो वॅटच्या ऍम्प्लिफायरचीही गरज उरत नाही, आणि शेजारच्या दहावीच्या मुलीच्या आईचा निरोप येत नाही.

मधली जागा ह्यांची. यावर घरात थोडी कुरबुर झाली. ज्याने पैसे दिले तो मुलगा सोफ्याच्या टोकाला बसतो आणि त्याला डावा स्पीकर जास्त ऐकू येतो. "आई, हे स्टिरिओच राहिलं नाही," म्हणाला. त्याचं बरोबर आहे. पण त्याचे कान धडधाकट आहेत, टोकावरून ऐकूनही त्याला शब्दन् शब्द कळतो. ज्याच्याजवळ जास्त आहे त्याने थोडं सोडायचं, एवढंच आहे. तो एकटा असला की खुर्ची सरकवून मध्ये बसतोच.

कोणी विचारेल, कानाचं यंत्र आहे ना? आहे, आणि तपासणी करून यंत्र घेणं हे पहिलं काम, स्पीकर नंतर. पण यंत्र बोलण्यासाठी जुळवलेलं असतं. त्यातून गाणं ऐकताना पुष्कळांना सूर थरथरतो, तंबोरा तुटक येतो. दिवसभर घालून कानही शिणतो. संध्याकाळी ते काढून ठेवल्यावर माणसाने काय शून्यात बघत बसायचं? वेगवेगळ्या हेडफोनचाही सल्ला आला. तोही वाईट नाही. पण हेडफोन लावला की माणूस पुन्हा एकटाच झाला ना! आम्हाला चौघांनी मिळून एक अभंग ऐकायचा होता.

परवा संतवाणी लावली होती. मध्येच हे म्हणाले, "मागे टाळ आहेत." टाळ तर पहिल्यापासून होते. मी काही बोलले नाही, स्वयंपाकघरात जाऊन कुकर बंद करून आले.

असो. आता एक घरगुती काम. स्पीकर पुढे आणल्यामुळे हॉलमधलं काचेचं शोकेस पॅसेजमध्ये गेलं आहे. तिथे त्याच्या काचा मेट्रो गेली की किणकिणतात. सागवानी आहे, खण चार, एक दार थोडं अडतं. नात्यातल्या कोणाला हवं असेल तर टेम्पो घेऊन या, दुपारी चारनंतर. बेल दोनदा वाजवा.