शुक्रवारी सायंकाळी 6 पर्यंत

संचालक मंडळास,

अकोले येथील आपल्या पतसंस्थेचा सर्व्हर आम्ही चालवतो. हे आमचे शेवटचे पत्र.

मुख्य कचेरीपासून राजूर, कोतूळ शाखांपर्यंत प्रत्येक कर्मचाऱ्याची ओळख डिरेक्टरी सर्व्हर तपासतो. तो बसला की कुणाचेही लॉगिन होत नाही. काउंटरवर ठेवीदार उभा राहतो.

त्या सर्व्हरची डिस्क लॉगने वारंवार भरते आहे. आम्ही अंदाजाने बोलत नाही. लॉग वाचून बोलतो.

लॉगमध्ये प्रत्येक जोडणीला क्रमांक असतो. त्या क्रमांकाच्या पहिल्या ओळीत यंत्राचा आयपी पत्ता सापडतो. पुढच्या ओळींत त्या यंत्राने काय मागितले, ते सापडते.

वसुली विभागातले एक यंत्र आता बदललेला, जुनाच पासवर्ड रात्रंदिवस पाठवत आहे. उत्तर दर वेळी तेच : एरर 49. हजेरीचे सॉफ्टवेअर इंडेक्स नसलेल्या रकान्यात शोध घेते. एका नावासाठी अख्खी यादी चाळली जाते. वर उघडलेली जोडणी ते बंदही करत नाही.

कोतूळची सगळी यंत्रे एकाच राउटरमागे आहेत. आमच्याकडे त्या सर्वांचा पत्ता एकच दिसतो. त्यांतले लॉग भरणारे दोषी यंत्र कोणते, हे राउटरच्या नोंदीच सांगतील. राउटरचा पासवर्ड ठेकेदाराकडे आहे.

तो आम्ही मागितला. लेखी मागितला. उत्तर नाही.

तोवर आम्ही काम थांबवले नाही. जुने लॉग कॉम्प्रेस करून दुसऱ्या डिस्कवर हलवले. नोंदींची पातळी गरजेपुरतीच ठेवली. पावसाळ्यात रात्री वीज गेली, सर्व्हर पडला, तेव्हा येऊन तो उभा केला. तक्रार केली नाही.

त्यावर मंडळाकडून तोंडी निरोप आला : लॉगच बंद करा.

ते होणार नाही.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे 28 एप्रिल 2022 चे निर्देश स्पष्ट आहेत. लॉग 180 दिवस जपायचे. सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची. कुणाच्या नावाने, कुठल्या यंत्रावरून, किती वाजता लॉगिन झाले, याचा पुरावा आमच्याकडे एवढाच आहे. उद्या एखाद्याच्या ठेवीला हात लागला, तर चोर याच ओळींतून सापडेल. निळवंडे धरणाच्या कालव्याची गळती मोजपट्टी उपटून थांबत नाही.

लॉग बंदच करायचे असतील, तर आदेश लेखी द्या. खाली सही करा.

मागण्या तीन. राउटरचा ताबा. हजेरीचे सॉफ्टवेअर दुरुस्त करण्याचा ठेकेदाराला आदेश. लॉगसाठी वेगळी डिस्क. मुदत येत्या शुक्रवारी सायंकाळी 6 पर्यंत.

तोवर मागण्या पूर्ण झाल्या नाहीत, तर दोषी पत्ते फायरवॉलवर बंद होतील. कोतूळचा पत्ता बंद झाला की अख्खी शाखा बंद होईल. हे आम्हाला ठाऊक आहे. तुम्हालाही आधीच ठाऊक असावे, म्हणून सांगितले.

आजवरचा सगळा पत्रव्यवहार सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे जाईल. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. तिथे तो सभासदांपुढेही वाचला जाईल.

पत्ते शनिवारी शाखा उघडण्याआधी बंद होतील. त्यासाठी पुन्हा परवानगी मागितली जाणार नाही.